मोटरबोटीचे सुकाणू जड का होते?



सुकाणू हा शब्द व्याख्यानाच्या व्यासपीठावरून आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. राष्ट्राचे सुकाणू, संस्थेचे सुकाणू, संसाराचे सुकाणू ही त्याची रूपे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. माझा आजचा विषय मात्र या लाक्षणिक सुकाणूचा नाही. पाण्यावर चालणाऱ्या मोटरबोटीचे प्रत्यक्ष सुकाणू तेलाच्या दाबावर कसे चालते, ते कधी जड का होते, कधी आवाज का करू लागते, आणि तसे झाले म्हणजे कोणत्या क्रमाने काय तपासावे, एवढाच मर्यादित विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपण म्हणाल, आमच्यापैकी कितीजणांच्या दारात मोटरबोट बांधलेली आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु गेटवेहून मांडव्याला, मालवणच्या बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे, किंवा तापोळ्याला शिवसागर जलाशयात मोटरबोटीने गेलेली माणसे या सभेत निश्चित असतील. मुलेबाळे घेऊन आपण त्या बोटीत बसतो आणि आपला जीव तांडेलाच्या हातातल्या चाकावर सोपवतो. ते चाक वळते की नाही, हा मग केवळ मिस्त्रीचा प्रश्न उरत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला ब्रेक असतो; बोटीला नसतो. समोर अडथळा आला तर गाडीवाला थांबू तरी शकतो. बोटवाल्याला वेग कमी करता येतो, पंखा उलटा फिरवता येतो, पण बोट जागच्या जागी उभी राहत नाही. म्हणून वळणे हाच तिचा पहिला बचाव. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बोट एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. जड झालेल्या चाकाशी झटापट करण्यात तांडेलाचे तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात बोट ३३ मीटर पुढे गेलेली असते. पुढे पोहणारा माणूस असेल, मासेमारीचे जाळे असेल, किंवा दुसरी होडी असेल. जड सुकाणूची किंमत या अंतरात मोजावयाची असते.

आता मूळ यंत्राकडे वळू. लहान होडीत वल्हे किंवा सुकाणूचा दांडा माणसाच्या हातातच असतो. पाण्याचा जोर हाताला थेट कळतो. पुढे यंत्रे आली, चाक पुढे आणि सुकाणू मागे अशी रचना झाली, आणि दोहोंना जोडण्यासाठी दोर, साखळ्या व नंतर लवचीक नळीतून सरकणारी पोलादी तार वापरात आली. लहान मोटरींना ही तार आजही पुरते. परंतु बोटीच्या पिछाडीला टांगलेल्या मोटरींची, म्हणजे ज्यांना आपण आउटबोर्ड म्हणतो त्यांची ताकद जसजशी वाढली, तसतसा पंख्याचा उलटा जोर तारेतून तांडेलाच्या मनगटापर्यंत पोहोचू लागला. त्यावर तोडगा म्हणून तेलाच्या दाबावरचे सुकाणू आले. बाजारात त्याला हायड्रॉलिक स्टिअरिंग म्हणतात. अलीकडे काही बोटींत चाक आणि मोटर यांच्यामध्ये तेलाऐवजी विजेची तार आली आहे. पण तेलाची पद्धत अजून सर्वत्र नांदते आहे.

या पद्धतीचे मूळ तत्त्व फ्रेंच विद्वान पास्कल याने सांगितले. त्याचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दाब दिला, की तो दाब तितक्याच प्रमाणात सर्व बाजूंना पोहोचतो, हे ते तत्त्व. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. बोटीचे सुकाणू हे त्याच कुळातले एक लहान अपत्य आहे.

त्याचे भाग चार. पहिला, चाकामागे बसवलेला लहान पंप. दुसरा, त्यातून पिछाडीकडे गेलेल्या दोन नळ्या. तिसरा, मोटरीला जोडलेला सिलिंडर आणि त्यातला दट्ट्या. चौथा भाग म्हणजे या सर्वांत भरलेले तेल. त्याला भाग म्हणून कोणी मोजत नाही, म्हणून मी मुद्दाम मोजतो. तांडेलाने चाक उजवीकडे फिरवले, की पंप एका नळीतून तेल ढकलतो, दट्ट्या सरकतो, मोटर वळते, आणि दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूचे तेल दुसऱ्या नळीतून पंपाकडे परत येते. पंपात झडपा असतात. त्यांच्यामुळे चाकाकडून मोटरीकडे जोर जातो, पण मोटरीकडून चाकाकडे येत नाही. म्हणून या बोटीत चाक सोडले तरी मोटर आहे त्या कोनात राहते.

थोडा हिशेब केला म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. एका प्रचलित नमुन्यात चाकाच्या एका फेऱ्यात पंप सुमारे २८ घन सेंटिमीटर तेल ढकलतो, आणि दट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेण्यास सुमारे १३८ घन सेंटिमीटर तेल लागते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे जवळजवळ पाच फेरे. समजा मोटर वळवताना तेलावर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब आला. दट्ट्याचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर धरले, तर मोटरीवर ३५० किलोंचा जोर पडतो. हा जोर तांडेलाच्या हातून येतो, पण त्याच्या हाताला किती लागतो? चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर घर्षण सोडून कडेवर सुमारे ११ किलो. तेच चाक शोभेसाठी लहान, २८ सेंटिमीटर व्यासाचे बसवले, तर सुमारे १६ किलो. पंप तोच, तेल तेच, मोटर तीच. नुसते चाक लहान केल्याने हात भरून येतो. सुकाणू जड होण्याचे हे पहिले कारण पंपात नसून दुकानातून आणलेल्या चाकात आहे, हे ध्यानात घ्यावे.

येथूनच माझ्या मुख्य मुद्द्याला सुरुवात होते. सुकाणू जड झाले म्हणजे माणसे साधारणतः दोनपैकी एक गोष्ट करतात. काहीजण दात-ओठ खाऊन जास्त जोर लावतात. काहीजण बाजारात जाऊन नवा पंप आणतात, कारण चाक पंपाला जोडलेले आहे आणि जडपणा चाकाला जाणवतो. पुष्कळदा पंपाचा यात काही अपराध नसतो. दोष पिछाडीला, मोटरीच्या गंजलेल्या बिजागरीत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. पैसा जातो तो जातोच. वर दोष आहे तेथेच राहतो, आणि नव्या पंपाच्या भरवशावर बोट पुन्हा पाण्यात जाते. तेव्हा दुरुस्तीच्या आधी विभागणी करावी, हे आजच्या विषयाचे सार आहे. दोष तेलाच्या बाजूला आहे की लोखंडाच्या बाजूला, एवढे प्रथम ठरवावे. तोपर्यंत पान्ह्याला हात लावू नये.

ही विभागणी कशी करावयाची? पहिला प्रश्न विचारावा: चाक उभ्या बोटीतही जड आहे, की फक्त चालत्या बोटीत? बोट धक्क्याला बांधलेली असताना, मोटर बंद असताना चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावे. तेव्हा हलके असून वेगात जड होत असेल, तर तेल आणि लोखंड बहुधा ठीक आहेत. पाणी आणि पंखा यांच्याकडे पाहावे लागेल.

पंखा एकाच दिशेने फिरतो, म्हणून तो मोटरीला एका बाजूला ओढतो. ही ओढ मोडून काढण्यासाठी पुष्कळ मोटरींवर पंख्याच्या वरच्या आडव्या पाट्याखाली एक लहानसे पाते बसवलेले असते. ते वाकडे बसले असेल, तर चाक एका बाजूला लोण्यासारखे वळते आणि दुसऱ्या बाजूला दगडासारखे होते. उपाय सोपा आहे. ज्या बाजूला चाक हलके वळते, त्या बाजूला पात्याची मागची कड थोडी सरकवावी, बोल्ट घट्ट करावा आणि पुन्हा चालवून पाहावे. थोडी म्हणजे थोडीच. बोट चालताना मोटर किती आत दाबली आहे किंवा किती बाहेर उचलली आहे, यावरही ही ओढ अवलंबून असते; म्हणून परीक्षा नेहमीच्या वेगाला आणि नेहमीच्या कोनाला घ्यावी.

उभ्या बोटीतच चाक जड असेल, तर दुसरी विभागणी. ही या सर्व कामाची किल्ली आहे. मोटर बंद करून किल्ली काढून घ्यावी. नंतर सिलिंडर आणि मोटर यांना जोडणारा सांधा सोडवावा. आता दोन भाग वेगळे झाले: एकीकडे चाक, पंप, नळ्या, सिलिंडर, दुसरीकडे नुसती मोटर. सांधा सुटला की मोटरीला धरून ठेवणारे काही राहत नाही, ती आपल्या वजनाने एकीकडे झुकू शकते, म्हणून बोटे मध्ये ठेवू नयेत आणि हे काम दोघांनी करावे. आता मोटर हातांनी डावी-उजवीकडे फिरवून पाहावी. मग चाक फिरवून पाहावे. जे जड लागेल, त्यात दोष. दहा मिनिटांच्या या परीक्षेने अर्धे यंत्र निर्दोष ठरून बाजूला होते.

समजा चाक हलके फिरले आणि मोटर जड निघाली. मग दोष लोखंडाचा. मोटर ज्या उभ्या खुंटाभोवती वळते, त्यात ग्रीस भरलेले असते. ते जुने झाले, त्यात खारे पाणी शिरले, की वाळून चिकट होते आणि पुढे गंज धरतो. तेथे ग्रीस भरण्यासाठी छोटी तोंडे दिलेली असतात. जुने काळपट ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत तेथून ग्रीस भरावे आणि मधूनमधून मोटर हलवत राहावे. इतक्याने पुष्कळ सुकाणूंचा आजार जातो. नवे ग्रीस आत जातच नसेल, तर तोंड बुजले आहे किंवा गंज फार झाला आहे; तेव्हा भाग उघडून साफ करण्यावाचून गत्यंतर नाही. हातोड्याने ठोकून मोकळे केलेले सुकाणू आठवड्याभरात पुन्हा धरते.

आता उलट समजा: मोटर हलकी, आणि सांधा सोडवल्यावरही चाक जड. मग दोष अलीकडच्या बाजूला. येथेही लगेच पंप उघडू नये. मोटर वर उचलताना ती एका आडव्या नळीभोवती फिरते. पुष्कळ प्रकारांत सिलिंडरला आधार देणारा दांडा याच नळीतून गेलेला असतो. त्या दांड्याच्या नटा प्रमाणाबाहेर आवळल्या असतील, किंवा नळीत गंज असेल, तर सिलिंडर तिरका ओढला जातो आणि दट्ट्याचा दांडा सरकताना घासतो. नटा किती आवळाव्यात याचे माप निर्माता आपल्या पुस्तकात देतो, ते पाळावे. घट्ट तेवढे चांगले, हा न्याय येथे लागू नाही.

मग नळ्या पाहाव्यात. पिछाडीच्या कोपऱ्यात एखादी नळी दुमडलेली असते, किंवा मोटर वर उचलली की चिमटीत सापडते. चाक एका विशिष्ट जागीच जड होत असेल, किंवा मोटर उचलल्यावरच जड होत असेल, तर संशय नळीवर किंवा वाकलेल्या दांड्यावर घ्यावा.

त्यानंतर तेल. या यंत्रणेला पातळ तेल लागते. पुष्कळ निर्माते दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १५ अंकाचे तेल सांगतात. कोणी जवळ आहे म्हणून इंजिनचे ४० नंबरचे तेल ओतले, तर साध्या उष्णतेला ते सुमारे दहापट दाट असते. मग प्रत्येक फेऱ्याला ते दाट तेल अरुंद नळीतून ढकलावयाचे म्हणजे हात दमणारच, आणि थंडीच्या सकाळी अधिक दमणार. याहून वाईट म्हणजे गाडीच्या ब्रेकचे तेल. ते दिसावयास पातळ आणि स्वच्छ असते, म्हणून मोह होतो. पण या यंत्रणेतले रबरी सील त्याने फुगतात आणि नासतात. ब्रेकचे तेल यात कधीही घालू नये.

आता आवाजाकडे वळू. यंत्र बोलते, पण प्रत्येक आवाज ही तक्रार नसते. चाक शेवटच्या टोकाला नेऊन आणखी जोर लावला, की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. जादा दाब सोडून देणारी झडप उघडल्याचा तो आवाज असतो. यंत्र आपले रक्षण करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. चाक टोकाला नेऊन रेटून धरण्याची सवय मात्र सोडावी. चाकामागे येणारी बारीक टिकटिकही झडपांची असते आणि पुष्कळ पंपांत ती स्वाभाविक असते.

चिंतेचे आवाज निराळे. चाकामागे गुरगुर किंवा बुडबुड येत असेल आणि चाक स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. पिछाडीला करकर येत असेल, तर कोरड्या लोखंडावर लोखंड घासत आहे. आणि चाकाची दिशा बदलताना मागे खट् असा ठोका बसत असेल, तर कोठेतरी नट सैल आहे किंवा सांध्याची बुशी झिजली आहे. या तिन्हींत हा तिसरा आवाज सर्वांत घातक. जडपणा तांडेलाला दमवतो. सैल नट मात्र भर वेगात एकाएकी सुटतो, आणि मग चाक हलके फिरत राहते व बोट आपल्या मर्जीने जाते. खट् ऐकू आल्यावर बोट धक्क्यावरून सोडू नये. हे सांधे एकदा उघडले, की आतून पकडणाऱ्या नटा पुन्हा जुन्याच न वापरता नव्या घालाव्यात.

ज्या बोटींत इंजिन आत असते आणि सुकाणूला इंजिनवर चालणाऱ्या पंपाची मदत असते, तेथे आणखी दोन आवाज येतात. चाक फिरवताना कण्हल्यासारखा लांब आवाज आला, तर तेल कमी झाले आहे किंवा त्यात फेस झाला आहे. तीक्ष्ण किंकाळी आली, तर पंपाचा पट्टा सैल किंवा गुळगुळीत होऊन घसरत आहे. मोटारगाडीच्या मालकांना हे दोन्ही आवाज ओळखीचे वाटतील. तेलाच्या मदतीचे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत तोच प्रकार असतो.

हवेचा प्रश्न जरा विस्ताराने सांगावयास हवा. तेल दाबाखाली जवळजवळ आकुंचन पावत नाही, हवा पावते. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे दाब पन्नासपट झाला, की हवेचे आकारमान पन्नासावा हिस्सा होते. आपल्या मघाच्या उदाहरणात नळीत १४ घन सेंटिमीटर हवा राहिली असे समजा. ५० किलो दाबाला ती पाव-एक घन सेंटिमीटरवर येते. म्हणजे चाकाचा जवळजवळ अर्धा फेरा हवा दाबण्यातच खर्च होतो; मोटर जागची हलत नाही. तांडेल म्हणतो, चाक फिरवतो पण बोट ऐकत नाही. ती ऐकते, पण अर्ध्या फेऱ्याने उशिरा; आणि हा उशीर कोणत्या अंतरात मोजावयाचा ते आपण आरंभी पाहिले.

हवा आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एकाने चाक टोकाला नेऊन दाबून धरावे. दुसऱ्याने तेल भरण्याचे झाकण काढून पातळी पाहावी. मग पहिल्याने चाकावरचा जोर सोडावा. जोर सुटताच तेलाची पातळी ठळकपणे वर आली, तर आत हवा दडलेली आहे. ती दाबाखाली आकसली होती, आता फुलली. युक्ती म्हणून चाक टोकाला एवढाच वेळ धरावयाचे.

हवा काढण्यासाठी सिलिंडरच्या दोन्ही टोकांना स्क्रू दिलेले असतात. तेलाची बाटली पंपाच्या तोंडावर लावून एकाने चाक सावकाश फिरवावे, दुसऱ्याने मागे स्क्रूला पारदर्शक नळी लावून बाहेर येणारे तेल पाहावे. बुडबुडे थांबले आणि अखंड धार आली, की स्क्रू बंद करून दुसऱ्या बाजूकडे जावे. चाक कोणत्या दिशेला फिरवताना कोणता स्क्रू उघडावयाचा, हे त्या यंत्राच्या पुस्तकात पाहून करावे. सगळा वेळ पंपातले तेल संपू देऊ नये; संपले तर काढलेली हवा पुन्हा आत जाते आणि श्रम पहिल्यापासून करावे लागतात. बाहेर आलेले फेसाळ तेल लगेच परत ओतू नये. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी आहे. ते सर्व काढून टाकावे. तेल अगदी काठोकाठही भरू नये, कारण उन्हाने ते प्रसरण पावते.

एवढे झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि पुष्कळजण तो विचारीत नाहीत: हवा आत आली कशी? ही बंदिस्त यंत्रणा आहे. इंजिन तेल जाळते, तसे सुकाणू जाळत नाही. म्हणून तेल कमी झाले याचा अर्थ ते कोठेतरी बाहेर गेले, आणि जेथून ते गेले तेथून हवेला वाट मिळाली. दर पंधरवड्याला तेलाची भर घालणारा माणूस सुकाणूची काळजी घेत नाही, तर गळती लपवीत असतो. चाकाच्या दांड्याशी, नळ्यांच्या सांध्यांशी आणि सिलिंडरच्या दोन्ही तोंडांशी कोरडे फडके फिरवावे. फडक्याला तेल लागले, तेथे गळती. दट्ट्याच्या दांड्यावर मिठाचे खडे साचले किंवा ओरखडा पडला, की दर फेरीला तो सील कापत राहतो. म्हणून समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने दांडा धुवावा, मऊ फडक्याने पुसावा, आणि ॲसिटोनसारखी जहाल द्रव्ये त्याच्या जवळ नेऊ नयेत.

आपल्या किनाऱ्यावर या दुखण्याचा एक हंगाम आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि अनेक बोटी किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवल्या जातात. दमट खारट हवेत दोन-तीन महिने सुकाणू हललेले नसते. ग्रीस वाळते, बिजागरीत गंज धरतो. पाऊस सरता सरता बोट बाहेर काढली, की चाक जड लागते. पण हंगाम तोंडावर, गिऱ्हाईक धक्क्यावर, तेव्हा दोन दिवस चालवली की मोकळे होईल, असे म्हणून ती तशीच पाण्यात जाते. खरे पाहता बोट झाकण्यापूर्वी ग्रीस भरणे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवणे, एवढेच करावयाचे असते. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हे काम पुष्कळ स्वस्त आहे.

शेवटी, जे केवळ प्रवासी म्हणून बोटीत बसतात त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याला पान्हा हातात घ्यावयाचा नाही. पण बोट सुटण्यापूर्वी तांडेलाला नम्रपणे म्हणता येईल, "तांडेलदादा, चाक एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवता का?" चांगला तांडेल हे आपणहून रोज करतो आणि फेरेही मोजतो. नेहमी पाच फेरे लागत असताना आज सहा लागले, तर हवा किंवा आतली गळती आहे, हे त्याला कळते. त्याच्या पायाशी, चाकाखाली, तेलाचा डाग आहे का ते पाहावे. चाक वळताना मागे मोटर लगोलग वळते का ते पाहावे. खट् असा ठोका येतो का ते ऐकावे. या तिन्ही गोष्टींना मिळून एक मिनिट पुरते. उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या बोटीने जावे. आणि तांडेल रागावला तरी मनावर घेऊ नये, कारण त्याचाही जीव त्याच बोटीत असतो.

यंत्र जड झाले किंवा आवाज करू लागले, म्हणजे ते आपल्याला सवड देत असते. त्या सवडीत जोर लावावयाचा, की कोठे दुखते ते विचारावयाचे, एवढा निर्णय माणसाच्या हाती असतो.